मोजलेली लय, ऐकलेली लय

मराठी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गाला छंदशास्त्र शिकवताना आम्ही कित्येक वर्षे एकच क्रम पाळत आलो. पहिल्या तासाला लघू आणि गुरू, दुसऱ्या तासाला 'यमाताराजभानसलगा', आणि तिसऱ्या तासापासून फळ्यावर ओळ लिहून तिच्या डोक्यावर अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढणे, गण पाडणे, यती दाखवणे. परीक्षेत या प्रकरणावर प्रश्न हमखास येतो आणि त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवता येतात. म्हणून विद्यार्थ्यांनाही हे प्रकरण आवडते, असे आम्ही समजत होतो.

काही वर्षांपूर्वी एका तासाला एका विद्यार्थिनीने भुजंगप्रयाताचे गण फळ्यावर बिनचूक पाडून दाखवले. सहज म्हणून आम्ही तिला तीच ओळ मोठ्याने म्हणायला सांगितली. तिने ती बातमी वाचावी तशी वाचली. शेजारच्याला सांगितले, त्यानेही तशीच वाचली. वृत्तात चार यगण आहेत हे ज्ञान दोघांच्याही वहीत होते. जिभेवर मात्र ते उतरलेले नव्हते. दोष त्यांचा नव्हता. वृत्त ही डोळ्यांनी ओळखायची वस्तू आहे असे आम्हीच त्यांना तीन आठवडे शिकवले होते.

त्याच आठवड्यात आमच्या हातून आणखी एक गोष्ट घडली, आणि हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका विद्यार्थ्याला मात्रा मोजायला उभे केले होते. तो तीनदा चुकला. जोडाक्षरापूर्वीचा लघू गुरू होतो हे तो प्रत्येक वेळी विसरत होता. आम्ही वैतागून म्हणालो, "तुला लयच कळत नाही." वर्ग हसला. तो खाली बसला. तास पुढे गेला.

त्यानंतरच्या सत्रात आम्ही शनिवारचे सहा तास अभ्यासक्रमाबाहेर ठेवले. त्यांत वही उघडायची नाही, एवढा एकच नियम होता. या तासांना जगातल्या निरनिराळ्या लयपरंपरा ऐकायच्या, टाळ्यांनी आणि पावलांनी त्या धरून पाहायच्या, आणि मग आपल्या कवितेकडे परतायचे, असा बेत होता. एका सहकारी प्राध्यापकांनी विचारले, की मराठी कवितेची लय समजावण्यासाठी घाना आणि बल्गेरिया कशाला हवेत? प्रश्न रास्त होता. त्याचे आमचे उत्तर असे, की जे नित्य कानावर पडते ते ऐकू येईनासे होते. परक्या लयीपुढे माणूस निदान गोंधळतो, आणि गोंधळला की ऐकू लागतो.

पहिल्या शनिवारी आम्ही फार दूर गेलो नाही. अरबी छंदशास्त्राचा, म्हणजे अरूजचा, आद्य आचार्य आठव्या शतकातला खलील इब्न अहमद. बसऱ्याच्या बाजारातून जाताना तांबटांच्या हातोड्यांचे ठोके ऐकून त्याला छंदांची व्यवस्था सुचली, अशी आख्यायिका सांगतात. खरेखोटे कोण जाणे. पण एका शास्त्राच्या उगमाशी परंपरेने ग्रंथ न ठेवता बाजारातला आवाज ठेवावा, हे अर्थपूर्ण आहे. खलीलने पंधरा वृत्ते सांगितली, सोळावे त्याच्या परंपरेतल्या अख्फशने जोडले असे मानतात. या वृत्तांचे घटक त्याने कोणत्याही चिन्हांनी दाखवले नाहीत. 'फऊलुन', 'मफाईलुन', 'फाइलातुन' असे नमुन्याचे शब्दच घडवले. 'फऊलुन' हा शब्द उच्चारला की घटक ऐकू येतो: एक आखूड, दोन लांब.

मुलांनी तो शब्द चार वेळा सलग म्हटला. फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला दोघीतिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीच्या तोंडून निघाले, "हे तर मनाचे श्लोक!" खरेच होते ते. फार्सीत 'मुतकारिब' म्हणतात ते वृत्त आणि आपले भुजंगप्रयात यांची चाल एकच आहे. फिरदौसीने इसवी सन १०१०च्या सुमारास पूर्ण केलेला 'शाहनामा' याच चालीत आहे. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घटकातले एक गुरू अक्षर तिथे गळते, म्हणून बारांऐवजी अकरा अक्षरे होतात. इराणातल्या राजांच्या लढाया आणि सज्जनगडावरचा मनाला केलेला उपदेश एकाच पावलाने चालतात, हे कळल्यावर त्या विद्यार्थिनीने तोच श्लोक पुन्हा म्हटला. या वेळी तो वृत्तात आला.

तेव्हाच आमच्याही एक गोष्ट ध्यानात आली. 'यमाता' हा शब्दसुद्धा 'फऊलुन'सारखाच आहे. य लघू, मा गुरू, ता गुरू. यगणाचे नाव हाच यगणाचा आवाज. 'मातारा' म्हटले की मगण वाजतो, 'नसल' म्हटले की नगण. आपल्या पूर्वसूरींनी एका ओळीत आठही गणांचे ध्वनी भरून ठेवले आणि आम्ही ती ओळ वीस वर्षे कुलपाचा आकडा सांगावा तशी सांगत होतो. माधव जूलियन फार्सीचे प्राध्यापक होते आणि मराठीचा 'छंदोरचना' हा ग्रंथ त्यांच्याच हातून झाला, हा योगायोग नसावा असेही त्या दिवशी वाटले. दोन भाषांचे छंद ज्याच्या कानात एकाच वेळी वाजत असतील, त्याला आपल्या भाषेचा छंद अधिक स्वच्छ ऐकू येत असणार.

दुसरा शनिवार सातांचा होता. बल्गेरियातले राचेनित्सा हे नृत्य सात मात्रांचे. विभागणी दोन, दोन, तीन. ग्रीसमधले कलामातियानोस हेही सातांचेच, पण विभागणी तीन, दोन, दोन. ध्वनिमुद्रणे लावली आणि सगळ्यांना टाळी धरायला सांगितली. सगळे "एक दोन तीन चार पाच सहा सात" असे मोजू लागले आणि दोन आवर्तनांत सगळेच घसरले. कुणी आठवी मात्रा घुसडत होते, कुणी सहावरच थांबत होते.

मग मोजणे बंद करून आम्ही शब्द दिले. 'घर' म्हणजे दोन लघू, दोन मात्रा. 'वाट' म्हणजे एक गुरू, एक लघू, तीन मात्रा. "घर घर वाट, घर घर वाट" म्हणत राहा आणि शब्दाच्या सुरुवातीलाच टाळी द्या. पाच मिनिटांत वर्ग राचेनित्साबरोबर चालू लागला. ते नाचणारे लोकही सात मोजत नाहीत. त्यांच्या लेखी ठोके तीनच, दोन आखूड आणि एक लांब. शब्दांचा क्रम फिरवून "वाट घर घर" केले की कलामातियानोस, आणि तोच आपला रूपकही. ती ती ना, धी ना, धी ना. तबला शिकलेला एक मुलगा लगेच म्हणाला, "पण सर, रूपकात समेवर खाली असते." म्हणजे मोजणी एकच असली तरी वजन वेगळे. ग्रीक नर्तक ज्या पहिल्या लांब ठोक्यावर पाऊल टाकतो, तिथेच आपला तबलजी भार काढून घेतो.

मात्रा हे काळाचे माप आहे, ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा अंगाने कळली. सात मात्रांत लघू-गुरूंच्या किती रचना होतात, हा प्रश्न आपल्याकडच्या छंदशास्त्रज्ञांनी फार पूर्वी सोडवला होता. बाराव्या शतकात हेमचंद्राने त्याची रीत सांगितली आहे: मागच्या दोन संख्यांची बेरीज करीत जायचे. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस. म्हणजे सातांच्या एकवीस रचना. युरोपात हीच मालिका १२०२मध्ये लिहिणाऱ्या फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध झाली. मोजणे क्षुद्र आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. पण हेमचंद्रासारख्यांनी जे मोजले ते आधी त्यांच्या कानांत होते. आमच्या वर्गात मोजणी उरली होती आणि कान गळाला होता.

अशा विषम गटांच्या लयींना संगीतशास्त्रात 'अक्साक' हा तुर्की शब्द रूढ आहे. रुमानियन अभ्यासक कॉन्स्टँटिन ब्राइलोइउ यांच्या १९५१च्या लेखापासून तो विशेष प्रचारात आला. शब्दाचा अर्थ लंगडा, लंगडत चालणारा. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक अशा लयींना 'बल्गेरियन लय' म्हणत असे. 'मिक्रोकॉस्मॉस' या पियानोच्या पाठमालेचा शेवट त्याने बल्गेरियन लयीतल्या सहा नृत्यांनी केला आहे. लंगडा हा शब्द ऐकून एका विद्यार्थिनीने विचारले, "त्या गावातल्या माणसांना आपण लंगडतोय असं वाटत असेल का?" आम्ही म्हणालो, नसावे. समान अंतराने पाऊल टाकण्याची सवय असलेल्यालाच ती चाल लंगडी दिसते.

या प्रश्नाचे उत्तर देणारे एक संशोधन आहे आणि त्याचा या लेखातल्या पुढच्या भागाशी संबंध आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५मध्ये उत्तर अमेरिकेतली प्रौढ माणसे, मॅसेडोनिया-बल्गेरियातून आलेली प्रौढ माणसे आणि उत्तर अमेरिकेतली सहा महिन्यांची बालके यांना समान गटांच्या आणि बाल्कन धर्तीच्या विषम गटांच्या चाली ऐकवल्या, आणि त्यांतली लय कुठे मोडली आहे हे त्यांना जाणवते का ते पाहिले. अमेरिकन प्रौढांना सम चालीतला बिघाड कळला, विषम चालीतला कळला नाही. बाल्कन प्रौढांना दोन्ही कळले. आणि सहा महिन्यांच्या अमेरिकन बालकांनाही दोन्ही कळले. वर्षाची होईपर्यंत बालकांचा कानही मोठ्यांसारखा एकांगी झालेला असतो. पण त्या वयात दोन आठवडे रोज थोडे बाल्कन संगीत घरी ऐकवले, तर तो पुन्हा उघडतो. प्रौढांना तेवढ्या ऐकण्याने फारसा लाभ झाला नाही. माणूस सगळ्या लयींना मोकळा असा जन्माला येतो आणि घरात जे वाजते त्याने घडत जातो. आपल्याला एखादी लय येत नाही, याचा अर्थ एवढाच, की ती आपल्या घरात वाजली नाही.

तिसऱ्या शनिवारी घाना. तिथल्या आग्नेय भागात आणि शेजारच्या टोगोत राहणाऱ्या एवे लोकांच्या वादनात 'गान्कोगुई' नावाची लोखंडी जोडघंटा असते. तिच्यावर बारा सूक्ष्म मात्रांचे एक आवर्तन अखंड वाजते. त्यात टोले सात, आणि त्यांमधली अंतरे दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. बाकीचे ढोल या घंटेच्या आधाराने बोलतात. नाचणाऱ्यांची पावले मात्र बारा मात्रांत चार समान ठोके देत असतात. म्हणजे घंटा सात वेळा वाजते, पाऊल चार वेळा पडते, आणि दोघांची गाठ पडते फक्त दोनदा, पहिल्या मात्रेवर आणि दहाव्या.

आम्ही वर्गाला उभे केले. पायांनी चार, हातांनी सात. घंटा एकटी वाजवणे अर्ध्या तासात जमले. पाऊल जोडले की मात्र सगळे कोसळत. कुणाचा पाय घंटेच्या मागे धावे, कुणाचा हात पायाला शरण जाई. आम्ही स्वतः घरी आठवडाभर सराव करून आलो होतो, तरी वर्गासमोर तिसऱ्या आवर्तनात चुकलो.

न चुकता करत होता तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी. ज्याला आम्ही लय कळत नाही म्हणालो होतो, तोच. पाय सावकाश पडत होते, हात स्वतंत्र चालले होते, आणि तो खिडकीबाहेर पाहत होता. एकेकाने आपली टाळी थांबवली आणि शेवटी त्याचीच उरली. "हे कुठे शिकलास?" आम्ही विचारले. तो काही बोलला नाही. त्याचा मित्र म्हणाला, "सर, त्याच्या घरी हलगी आहे."

तेव्हा आम्ही जे बोललो ते आम्हाला त्या क्षणी फार उदार वाटले होते. आम्ही म्हणालो, "मग काय विचारायचं! लय तुमच्या रक्तातच असते." आपण आपली जुनी चूक भरून काढली, असे समाधान घेऊन आम्ही घरी गेलो.

पुढच्या शनिवारी आम्ही एवे लयीविषयी झालेले लेखन वर्गात मांडले. इंग्रज मिशनरी ए. एम. जोन्स यांनी डेझमंड टे या एवे वादकाच्या साहाय्याने या वादनाचा अभ्यास केला. टोल्यांच्या खुणा सरकत्या कागदावर उमटवणारे एक यंत्र त्यांनी वापरले आणि १९५९मध्ये दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. प्रत्येक वाद्याची सम वेगळ्या ठिकाणी आहे असे त्यांनी लिपीत दाखवले. घानात जन्मलेले संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू यांनी पुढे या दृष्टीवर कठोर टीका केली. नाचणाऱ्यांची पावले पाहा, त्यांत सगळ्यांना समान असलेला आधार दिसेल. तो सोडून कागदावरच्या खुणांना लय समजले, की नसलेली गुंतागुंत दिसू लागते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. त्यांच्या १९९५च्या लेखाचे शीर्षकच 'आफ्रिकन लयी'चा शोध लावला गेला आहे असे सुचवणारे आहे. एका विशाल खंडातल्या शेकडो भाषांच्या लोकांना 'लयीचे लोक' म्हणून गौरवायचे आणि विचार, रचना, शास्त्र या गोष्टी आपल्याकडे ठेवायच्या, ही या गौरवामागची वाटणी त्यांनी उघडी केली. शिवाय लयीचा शोध घ्यायचा तर आधी भाषेपासून सुरुवात करा, असा त्यांचा आग्रह. एवे भाषेत स्वरांच्या चढउताराने अर्थ बदलतो. ढोल ती भाषा बोलतो.

हे सांगत असताना आपण कुणाविषयी बोलत आहोत, हे आमच्या ध्यानात येत नव्हते. ते त्या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले. सबंध सत्रात प्रथमच तो आपणहून बोलला. "सर, मागल्या शनिवारी तुम्ही बोललात ते तसं नाही. रक्तात काही नसतं. माझ्या आज्यानं काकाला हातावर काठी मारून मारून शिकवलं. चुकला की जेवण नाही. बापाला शिकवलं, त्यानं पुढं सोडून दिलं. मला कुणी शिकवलंच नाही. बाप म्हणायचा, हलगीला हात लावायचा नाही, पुस्तक धर."

"मग तुला येते कशी?"

"ऐकून. ऐकणं कोण थांबवणार, सर?"

वर्ग शांत होता. आमच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. लय कळत नाही, हे आमचे पहिले वाक्य. लय रक्तात असते, हे दुसरे. पहिल्याने आम्ही त्याला हसू करून घेतले होते, दुसऱ्याने गौरवले होते, असा आमचा समज. वस्तुतः दोन्ही वाक्ये एकच काम करत होती. दोन्ही त्याच्या घरातले शिक्षण पुसत होती. आजोबांची काठी, काकाचे उपाशी राहणे, भिंतीपलीकडून मुलाने केलेले ऐकणे, या सगळ्याला आम्ही आधी अज्ञान म्हटले आणि मग निसर्ग. अगावू यांचे म्हणणे आम्ही तासभर समजावून सांगितले होते. आमच्याविरुद्धचा त्याचा दाखला मात्र आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसला होता. आणि हॅनन-ट्रेहब यांच्या प्रयोगाने जे सिद्ध केले, ते त्याने एका वाक्यात सांगितले होते: ऐकणे कोण थांबवणार?

आम्ही त्याची वर्गासमोर माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "असू द्या, सर." माफी मागणाऱ्याला हलके वाटते, ज्याची मागितली त्याला सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात, हेही त्या दिवशी कळले.

पाचव्या तासाचा विषय आम्ही आधी ठरवला होता तोच राहिला: जावा बेटावरचे गॅमेलान. तिथे आवर्तनाचा सर्वांत मोठा, सर्वांत खोल आवाजाचा गाँग शेवटच्या मात्रेवर वाजतो. आठ मोजायचे तर भार आठव्यावर. पहिल्या मात्रेवर जोर देण्याची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते. आपल्या हिंदुस्थानी तालात आवर्तन जिथे सुरू होते तिथेच येऊन पोहोचते. सम ही सुरुवातही आणि मुक्कामही. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "मग कवितेत यमक म्हणजे गाँगच ना?" हे आम्हाला सुचले नव्हते. म्हणून मोठा अभंग म्हणून पाहिला. सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे चार चरण. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्याचे. गाँग वाजून जातो आणि त्यानंतर चार अक्षरांचा तोकडा चरण उरतो. फळ्यावर तो तोकडा दिसतो, म्हणताना मात्र त्याची अक्षरे लांबतात, किंवा त्याच्यापुढे एक निःशब्द जागा राहते, आणि त्या जागेत पुढचा चरण घेण्यासाठी श्वास भरला जातो. अक्षरे मोजणाऱ्याला ती जागा दिसत नाही. टाळ धरणाऱ्याला ती चुकवून चालत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. कागदावर त्यांची अक्षरसंख्या सारखी बदलते, म्हणून आमच्या पिढीला ओवी हा 'शिथिल' छंद म्हणून शिकवला गेला. पण जाते फिरत असते. अक्षरे कमी असोत की अधिक, ती दगडाच्या फेऱ्यात बसवावी लागतात. दळणारीच्या खांद्याला जी लय काटेकोर असते, ती आपण कागदावर शोधतो, आणि सापडली नाही की तिला शिथिल म्हणतो. बल्गेरियन नर्तकाला लंगडा म्हणण्याहून यात काही वेगळे आहे काय?

सहावा शनिवार आम्ही रिकामा ठेवला होता. त्या दिवशी त्या विद्यार्थ्याने हलगी आणावी, ती कशी शेकतात, दोन काठ्यांचे काम कसे वाटलेले असते, बोल काय असतात, हे वर्गाला दाखवावे, असे आमच्या मनात होते. एवे लोकांची घंटा ऐकली, आता आपली हलगी ऐकू. वर्तुळ पूर्ण होईल. आम्ही त्याला बाजूला बोलावून विचारले. त्याने नाही म्हटले.

"माझ्या बापानं ती खुंटीवरून उतरवली, सर. गावात कुणाचं काही असलं की निरोप यायचा, आणि जावंच लागायचं. वाजवायचं आणि बाहेरच बसायचं. मी ती कॉलेजात आणून वाजवली तर सगळे टाळ्या वाजवतील. पण बापाला काय सांगू?"

आम्हाला वर्तुळ पूर्ण करण्याची घाई होती. घानाची घंटा आम्ही निर्धास्त आणू शकलो, कारण ती कुणी वाजवायची, कुणाच्या हुकमावरून, वाजवून झाल्यावर वादकाने कुठे बसायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. दूरच्या लयीचा हा सोयीचा गुण आहे: ती इतिहासावाचून येते. 'आग्बेकोर' हे आज मंचावर दिसणारे एवे नृत्य एके काळी युद्धाचे नृत्य होते, एवढे आम्ही सांगितले होते आणि पुढे सरकलो होतो. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश १९७०मध्ये घानाला जाऊन हे वादन शिकला आणि १९७२मध्ये त्याने फक्त टाळ्यांची एक रचना केली. तीही बारा मात्रांचीच. दोघांपैकी एकजण तोच आकृतिबंध एकेक मात्रा सरकवत जातो, दुसरा जागचा हलत नाही. ती रचना आम्ही वर्गात कौतुकाने ऐकवली होती. एक लय समाजातून सुटून शुद्ध आकृती होते आणि सभागृहात जाते. दुसरी खुंटीवरून उतरवली जाते आणि तिचे तसे उतरणे हीच तिच्या घराची कमाई असते. या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात कशा शिकवायच्या, याचे उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हते. आजही पुरते नाही.

सहाव्या शनिवारी मग कुणीच काही आणले नाही. मुलांनी पुन्हा एवे घंटेचा सराव केला. तो विद्यार्थी पायांचे चार ठोके धरून मध्ये उभा राहिला आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती सात टाळ्या बसवल्या. तो बोलून काही शिकवत नव्हता. कुणी चुकले की आपले पाऊल किंचित जोरात टाकत होता. तास संपेपर्यंत निम्मा वर्ग टिकला. आम्हीही पाच-सहा आवर्तने टिकलो.

वार्षिक परीक्षेत त्याने छंदाच्या प्रश्नात जोडाक्षराची तीच चूक पुन्हा केली आणि आम्ही नियमाप्रमाणे गुण कापले. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखांच्या शेवटी विद्यार्थी पहिला येतो अशी वाचकांची अपेक्षा असते. लिपीतली मोजणी हेही एक कौशल्य आहे, ते वेगळे शिकावे लागते, आणि ते त्याला शिकवण्यात आम्ही कमी पडलो. हलगी ऐकणाऱ्या कानापासून गण पाडणाऱ्या हातापर्यंतचा रस्ता आम्ही त्याला दाखवू शकलो नाही. 'घर घर वाट' म्हणत तो कदाचित दाखवता आला असता. तेव्हा ते सुचले नाही.

आता आमचा क्रम बदलला आहे. पहिले दोन आठवडे खडू हातात घेत नाही. फऊलुन आणि यमाता आधी तोंडात बसतात, सातांच्या चाली पायांत बसतात, मग फळा. दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी असा निघतो, की ज्याच्या घरात काही वाजत आले आहे: टाळ, संबळ, चर्चमधला ऑर्गन, मशिदीतली तिलावत, आईच्या दळणकांडणाच्या ओव्या. ते वर्गात आणायचे की नाही, हे आम्ही त्यांच्यावर सोडतो, आणि आणले नाही तर कारण विचारत नाही. "तुला लय कळत नाही" हे वाक्य आम्ही टाकले आहे. "रक्तात आहे" हे वाक्य टाकायला अधिक कष्ट पडतात, कारण ते कौतुकाच्या वेळी ओठांवर येते. ते आले की आम्ही थांबतो आणि त्याऐवजी विचारतो: तुला हे कुणी शिकवले?